बोट लागलं होतं

माझ्या वडिलांनी पेनल्टी चुकवली तेव्हा मी तिसरीत होते. कोल्हापूरबाहेरच्या माणसाला या वाक्याचं वजन कळायचं नाही, म्हणून सांगते. आमच्याकडे फुटबॉल तालमींचा. पेठेपेठेचे संघ, आणि पोर पाळण्यात असतं तेव्हाच ते कुठल्या संघाचं हे ठरलेलं असतं. जिंकलं की आपली हलगी समोरच्या पेठेत जाऊन वाजते. हरलं की त्यांची आपल्या दारात.

वडील आमच्या तालमीचे स्ट्रायकर होते. शिक्षण सातवी. काम फौंड्रीत, आणि फौंड्रीचा मालक तालमीचा पाठीराखा. म्हणजे कागदावर मोल्डिंगला हेल्पर, खरं काम गोल मारायचं. त्या वर्षी फायनलच्या अगदी शेवटी पेनल्टी मिळाली. वडिलांनी मारली. चेंडू खांबाला घासून बाहेर गेला आणि रेफरीनं गोल किक दिली. वडील त्याच्या मागं पळत होते, एक बोट वर करून. "बोट लागलंय! कीपरचं बोट लागलंय! कॉर्नर हाय ह्यो!" कीपरचं बोट लागून चेंडू बाहेर गेला असता तर कॉर्नर मिळाला असता, आणखी एक संधी मिळाली असती. पण हजारो माणसांच्या आरड्याओरड्यात त्यांचं कोण ऐकतो.

संध्याकाळी दारात हलगी आली. समोरच्या पेठेची नव्हे, आमच्याच पोरांची. त्यांनी दाराला जुन्या चपलांचा हार बांधला आणि कडी बाहेरून लावून टाकली. वडील आत भिंतीकडं तोंड करून बसले होते. हलगी थांबल्यावर शेजारणीनं कडी काढली. आईनं हार सोडला, एकेक चप्पल उलटसुलट करून बघितली, त्यातला एक बरा जोड बाजूला ठेवला. तो मी वर्षभर घातला.

सोमवारी फौंड्रीच्या गेटवर वडिलांना आत घेतलं नाही. मग ते एका पिठाच्या गिरणीत लागले. आई मुलींच्या होस्टेलच्या मेसमध्ये भाकऱ्या थापायला जाऊ लागली. आणि आमचं आडनाव गेलं. वडील पेनल्टी, आई पेनल्टीची बायको, मी पेनल्टीची पोरगी. शाळेत बाई म्हणायच्या, "ए पेनल्टी, फळा पूस." वर्ग हसायचा. मी फळा पुसायची, आणि शेवटची रेघ मुद्दाम ठेवायची.

घरात त्या दुपारचा विषय निघाला की वडील एवढंच म्हणायचे, "बोट लागलेलं." आई म्हणायची, "लागलेलंच." मीही म्हणायची. आमच्याकडं देवघरात फोटो कमी होते, हे एक वाक्य होतं.

मी चांगलं शिकले ते ज्ञानाच्या ओढीनं वगैरे नाही. मला त्या पेठेतून बाहेर पडायचं होतं आणि दार एकच दिसत होतं. होस्टेलच्या मेसमध्ये आईला डबा द्यायला जायची तेव्हा त्या मुली हातात पुस्तक घेऊन जेवायला येताना दिसायच्या. मला त्यांचा राग यायचा. पुढं मी इंजिनियर झाले, आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली. निकालाच्या दिवशी कोपऱ्यावरचा पानवाला म्हणाला, "पेनल्टीची पोरगी गोल मारून आली की!" त्याला ते कौतुक वाटत होतं.

आयर्लंडमध्ये, डब्लिनला मी एम.एस्सी.ला आले आणि नंतर इथंच राहिले. शिक्षणानंतर इथं काही काळ नोकरी करायची मुभा मिळते. ती संपायच्या आत कुठल्यातरी कंपनीनं तुमच्यासाठी वर्क परमिट काढावं लागतं. परमिट नाही तर विमान. सरळ हिशेब आहे, त्यात कुणाची ओळख चालत नाही.

नोकरी लागली ती फुटबॉलच्या आकड्यांची. माझं नशीब असं विनोदी. सामन्याचा व्हिडिओ बघायचा आणि प्रत्येक घटना नोंदवायची: पास कुणी दिला, कुणाकडं गेला, चेंडू कुणी हरवला, कुणाच्या चुकीनं गोल झाला. हे आकडे क्लब घेतात, सट्टेवाले घेतात. साथ आली, जगभरचा फुटबॉल थांबला, अर्ध्या लोकांना कंपनीनं घरी बसवलं. दोन हजार वीसच्या उन्हाळ्यात चीनमधली मोठी लीग सुरू झाली आणि आमच्या टीमला ती मिळाली.

तो सीझन कुणी आठवणीत ठेवलेला नसेल. सगळे संघ दोन शहरांत नेऊन हॉटेलांत कोंडले होते. हॉटेल ते मैदान, मैदान ते हॉटेल. स्टँड रिकामे. आम्हाला यायचा तो व्हिडिओ थेट मैदानावरचा, त्यावर समालोचनही नसायचं. ल्यूकन या डब्लिनच्या उपनगरात, भाड्याच्या खोलीत सकाळी चहा घेऊन बसले की तिकडे संध्याकाळची मॅच लागायची. हाका, शिव्या, बुटाचा चेंडूवर धप्प आवाज, रेफरीच्या शिट्टीचा घुमणारा पडसाद. मी पहिल्यांदाच फुटबॉल ऐकत होते. लहानपणी नुसती गर्दी ऐकली होती.

वडिलांना फोनवर सांगितलं, "अण्णा, एकपण प्रेक्षक न्हाई बघा स्टेडियममध्ये."

ते म्हणाले, "मग नशीबवान हाईत पोरं."

आमचा मॅनेजर इथलाच. हसरा, सगळं 'ग्रँड' म्हणणारा माणूस. घरून काम करून लोक कंटाळलेत म्हणून त्यानं एक खेळ काढला. आमच्या टीममधल्या प्रत्येकाला लीगमधला एकेक संघ दिला आणि आमचाच एक तक्ता केला. एकाची मॅच दुसऱ्यानं तपासायची. चूक सापडली की तपासणाऱ्याचा गुण वाढणार, करणाऱ्याचा कमी होणार. करणाऱ्यानं ती चूक नाकारली तर तपासणाऱ्याला वरच्या परीक्षकाकडं दाद मागता यायची, पण दाद फेटाळली गेली तर त्याचेच दुप्पट गुण जायचे. दर शुक्रवारी तो तक्ता स्क्रीनवर लावायचा. शेवटची ओळ लाल. त्या ओळीत ज्याचं नाव असेल त्याच्यासाठी तो गर्दीच्या हुर्योचं रेकॉर्डिंग वाजवायचा. इथं गमतीला 'क्रॅक' म्हणतात. "इट्स ओन्ली अ बिट ऑफ क्रॅक," तो म्हणायचा आणि सगळे हसायचे.

पहिल्यांदा ते रेकॉर्डिंग वाजलं तेव्हा लाल ओळीत मी नव्हते, एक पोलिश मुलगी होती. तरी मी कॅमेरा बंद केला. मला बाहेरून कडी लावल्यासारखं झालं.

ऑक्टोबरमध्ये पुन्हा कडक लॉकडाउन लागला आणि त्याच सुमाराला मॅनेजरनं मला आणि अजून एकाला वेगळ्या कॉलवर घेतलं. तो दुसरा पुण्याचा. माझ्यासारखाच शिकायला आलेला, माझ्यासारखीच मुदत संपत आलेली. बाकीच्यांना परमिट लागतच नव्हतं, ते इथले नाहीतर युरोपातले. मॅनेजर म्हणाला, सीझन संपल्यावर एकच परमिट मंजूर होईल. तुम्हा दोघांत तक्त्यावर जो वर असेल त्याचं. आणि तोवर तुम्ही एकमेकांच्याच मॅच तपासा, म्हणजे तुलना अगदी न्याय्य होईल.

कॉल संपल्यावर पुणेकरानं मला फोन केला. "काय मग, मराठी माणसाला मराठी माणसाच्या अंगावर सोडलाय. गोऱ्याला बरोबर कळतं हं आपलं."

"तुमची मॅच मी तपासली आत्ताच," मी म्हटलं. "तीन चुका सापडल्या. टाकल्यात."

"अगं, थांबायचं ना जरा! बोलून घेतलं असतं."

"बोलायचं काय त्यात?"

"कोल्हापूर म्हणजे कोल्हापूरच. आधी लाथ, मग नमस्कार."

त्याचे आई-वडील दोघे प्राध्यापक. तो वाईट नव्हता. त्याच्या बोलण्यात एक सवय होती, तुमचं वाक्य परत तुम्हालाच धुऊन द्यायचा. मी घाईत "आलोच मी" म्हटलं की तो म्हणायचा, "आलेच. तू मुलगी आहेस ना?" आमच्याकडं बाया असंच बोलतात, हे त्याला माहीत होतं. बापाबद्दल मी त्याला कधी काही सांगितलं नव्हतं. असल्या गोष्टी असल्या माणसांना सांगायच्या नसतात, ते त्याची गोष्ट करून दुसऱ्याला सांगतात.

पुढचे आठवडे आम्ही एकमेकांची साल काढली आणि दोघंही तक्त्याच्या तळाशी आलो. त्यानं माझ्या नोंदीतला एक थ्रो-इन उलट्या संघाला गेलेला पकडला, मी त्याचा चुकीचा डिफेंडर पकडला. लीग संपत आली होती. वरचे संघ अजिंक्यपदासाठी खेळत होते, पण आमच्या वाट्याला खालचे आले होते, ज्यांना दुसऱ्या श्रेणीत ढकललं जायचं टाळायचं होतं. ते सामने बघवत नव्हते. महिनोन् महिने हॉटेलात कोंडलेली पोरं, पाय ओढत पळणारी. एखादा गोल खाल्ला की कीपर आपल्याच माणसांवर ओरडायचा आणि ते ओरडणं रिकाम्या स्टँडवर आपटून परत त्याच्याच अंगावर यायचं.

त्यातल्या एका सामन्यात पेनल्टी मिळाली. मारायला नऊ नंबर आला. हरणाऱ्या संघाचा, वयानं थोराड, मांडीला पट्टी. त्यानं मारली, चेंडू खांबाच्या बाहेरून गेला. रेफरीनं गोल किक दाखवली. नऊ नंबर दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभा राहिला. तो काही बोलला नाही, रेफरीच्या मागं पळाला नाही. त्याच्या संघातला एकजण त्याच्या जवळून जाताना जमिनीवर थुंकला.

ती नोंद मूळ पुणेकराची होती. त्यानं लिहिलं होतं: पेनल्टी, लक्ष्याबाहेर, मारणाऱ्याची चूक. मी तपासायला बसले होते. हेडफोन कानात होते. धप्प, बुटाचा. आणि त्याच्या पाठोपाठ, एकदम बारीक, टप्.

मी मागं नेऊन पुन्हा ऐकलं. टप्. चित्रात काही दिसत नव्हतं. कॅमेरा लांबचा, कीपर हवेत आडवा, चेंडू नुसता पांढरा ठिपका. पण हातमोज्याला चेंडू लागल्याचा आवाज बुटाच्या आवाजासारखा नसतो. सबंध सीझन मी हेच ऐकत होते. कीपरचं बोट लागलं होतं.

मी त्याची नोंद चूक ठरवली आणि सुधारणा लिहिली: कीपरनं अडवली.

तासाभरात त्याचा फोन. "हे काय लावलंयस तू? रेफरीनं गोल किक दिलीय."

"रेफरी चुकला."

"कशावरून?"

"आवाजावरून. तुम्ही आवाज बंद करून काम करता का?"

"मी गाणी ऐकतो. सगळेच ऐकतात. कामाच्या सूचनांत कुठे लिहिलंय कान लावायचे म्हणून?" मग तो समजुतीच्या सुरात आला. "हे बघ, मी आता ही सुधारणा नाकारणार. तू वर दाद मागितलीस आणि फेटाळली गेली तर दुप्पट जाणार. तू आत्ता माझ्या जराशी मागे आहेस. संपलीस तू. सोड ना. एका चिनी माणसाच्या पेनल्टीसाठी?"

"मागणार मी दाद."

"भेट मला. फोनवर नको."

पाच किलोमीटरच्या पलीकडं जायला बंदी होती, पण ॲडम्सटाउन त्याच्या आतच होतं. त्याचं घर तिथल्या स्टेशनजवळ. आम्ही दुपारी स्टेशनबाहेर भेटलो, मास्क लावून, मधे अंतर ठेवून. डब्लिनकडून एक गाडी आली, तिच्यातून कुणीच उतरलं नाही.

तो म्हणाला, "मी एक सुचवतो. तू दाद मागू नकोस, मी पुढच्या आठवड्यात तुझी एक चूक सोडून देतो. बरोबरीत संपवू. मग त्याला दोघांचाही विचार करावा लागेल."

"तो म्हणालाय एकच परमिट."

"असं म्हणतात गं. प्रत्येक ठिकाणी थोडी जागा असते."

तुमच्यासाठी असते, मला वाटलं. तोंडानंही तेच म्हटलं. तो हसला.

"तुला काय वाटतं, माझं काही पणाला लागलेलं नाही?"

"लागलंय. पण तुम्ही पडलात तर गादीवर पडणार."

त्यानं मास्क नाकावर सरकवला. मग म्हणाला, "आणि तू पडलीस तर?"

मी पडले तर त्या पेठेत, त्या दारात. पेनल्टीच्या पोरीनंबी बाहेरच मारली म्हणतील. म्हणणारच. ते वाक्य मला आधीच ऐकू येत होतं, पानवाल्याच्या आवाजात, त्यानंतरच्या हसण्यासकट.

घरी येऊन दाद टाकली. वरचा परीक्षक दुसऱ्या देशात बसायचा, त्याच्याकडं गोलामागच्या कॅमेऱ्याचं चित्र असायचं, ते आम्हाला दिसत नसे. निकाल सोमवारी येणार होता.

रविवारी सकाळी वडिलांना फोन लावला. तेव्हा तिकडं दुपार असते, ते गिरणी बंद करून घरी असतात. एरवी कामाचं मी त्यांना फार सांगत नाही, पण हे सांगितलं. सगळं. नऊ नंबर, खांब, गोल किक, टप्. माझं परमिट त्याच्यावर लागलंय हेही सांगितलं. मला वाटत होतं ते उभे राहतील, आईला हाक मारतील. इतक्या वर्षांनी एका पोरीनं, तीही त्यांच्याच, ते बोट पकडलं होतं.

ते म्हणाले, "आवाज आला तुला?"

"आला. स्पष्ट."

"दोनदा ऐकलंस?"

"दहादा ऐकलं, अण्णा."

"मग लागलंच आसंल." फोनवर भांड्यांचा आवाज येत होता. आई मागं होती. ते बाहेर आले असावेत, आवाज थांबला. "माझं लागलं नव्हतं."

"काय?"

"बोट. लागलं नव्हतं गं. पाय फिरला तवाच मला कळलेलं. बाहीर मारली मी."

"मग इतकी वर्षं..."

"आता काय सांगू? त्या येळंला तोंडातनं गेलं. मग तुझी आई बी म्हणाया लागली, तू बी. परत कसं फिरायचं?"

मला त्यांचा इतका राग आला की मी फोन ठेवला. खिडकीतून समोरची घरं दिसत होती, सगळी सारखी, एकाच साच्यातून काढलेली. फळा पुसताना मी मनात तेच म्हणायची. बोट लागलेलं, बोट लागलेलं. त्याच्यावर इंजिनियर झाले. आणि आता त्याच्यावर परमिट लावून बसले होते. तो टप् खरंच ऐकला होता, की मला ऐकायचाच होता म्हणून ऐकू आला, हे त्या रविवारी मला सांगता आलं नसतं. मी व्हिडिओ परत लावला नाही. हिंमत झाली नाही.

सोमवारी निकाल आला. एका ओळीचा. गोलामागच्या कॅमेऱ्यात कीपरच्या करंगळीचा स्पर्श दिसतो. सुधारणा मान्य.

मी खुर्चीतून उठले आणि परत बसले, एवढंच झालं. नऊ नंबरला हे कधी कळलं नाही. त्याचा सामना केव्हाच संपला होता, गोल किक केव्हाच मारून झाली होती. आम्ही फक्त आकडे दुरुस्त करत होतो, तेही विकायला.

सीझनच्या शेवटच्या शुक्रवारी मॅनेजरनं तक्ता लावला. लाल ओळीत पुणेकर होता. हुर्यो वाजला. मॅनेजरनं तो या वेळी जरा जास्त वेळ वाजू दिला, शेवटचा म्हणून. पुणेकर कॅमेऱ्यासमोर बसून हसत होता, हसू पुरेनासं झालं तरी हसत होता. बाकीच्यांनी टाळ्यांची चित्रं पाठवली. मी कॅमेरा बंद केला नाही. बघितलं. सगळं बघितलं.

नंतर त्याचा फोन आला. "अभिनंदन. कान चांगले आहेत तुझे."

"तुमचेही असतील. गाणी बंद करून बघा."

"तुला वाईट नाही वाटत?"

"नाही."

"खरंच?"

"तुमच्या दाराला कुणी चपला बांधणार नाही," मी म्हटलं. त्याला अर्थ लागला नाही आणि मी तो सांगितला नाही. नव्या वर्षात तो पुण्याला गेला, वडिलांच्या एका विद्यार्थ्याच्या कंपनीत लागला. गादी होती, म्हटलं ना.

वरच्या गटात जो संघ लीग जिंकला, त्याचा क्लब पुढच्या वर्षी काही महिन्यांतच पैशांअभावी बंद पडला. चषक घेतलेली माणसं रस्त्यावर आली. त्यानंतर मॅनेजरनं तो तक्ता पुन्हा काढला नाही. पहिला नंबरही नोकरी वाचवत नाही, हा विनोद जरा जास्तच जवळ आला असावा.

वडिलांशी मी महिनाभर बोलले नाही. मग बोलले, पण त्या विषयावर नाही. त्यांनीही काढला नाही. आई अजून म्हणते, "बोट लागलेलं." फोन स्पीकरवर असतो, वडील शेजारी बसलेले असतात, आणि ते काही म्हणत नाहीत. मी म्हणते, "लागलेलंच, आई."

दोन हजार एकवीसच्या सुरुवातीला माझं वर्क परमिट आलं. आई मेसमधून सुटली. आमच्या घरातली पहिली पदवी माझी, पहिली पक्की नोकरी माझी, आणि परमिटावर छापलेलं आडनाव आमचं खरं आडनाव आहे.